केडलस्टन हॉल : पाहुण्यांसाठी बांधलेले घर

शुक्रवार : डर्बी

ताई आणि दाजी गेली अनेक वर्षे लेस्टरला राहतात. यंदा मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा डर्बीजवळचा केडलस्टन हॉल घाई न करता, नीट पाहायचा असे आधीच ठरले होते. पहिल्या जॉर्ज राजापासून चौथ्या जॉर्जपर्यंतच्या, म्हणजे १७१४ ते १८३० या काळातील वास्तुशैलीला इंग्लंडमध्ये जॉर्जियन म्हणतात. त्या काळात जमीनदारांनी आपापल्या इस्टेटींवर बांधलेले प्रासाद देशभर विखुरलेले आहेत आणि त्यांतले अनेक देखणेही आहेत. परंतु केडलस्टनचे भारताशी जे नाते आहे, तसे फार थोड्या घरांचे असेल. लॉर्ड कर्झन यांचा जन्म याच घरात १८५९ साली झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कर्झन जन्मण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी या घराचा आराखडा कोलकात्याला पोहोचला होता आणि त्यावरून तेथे गव्हर्नर जनरलचे निवासस्थान उभे राहिले होते, ही गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

डर्बीला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. त्यामुळे दुपार शहराच्या संग्रहालयात घालवली आणि ती सत्कारणी लागली. जोसेफ राइट (१७३४–१७९७) या डर्बीच्याच चित्रकाराच्या चित्रांचा फार मोठा संग्रह येथे आहे. ग्रहमालेच्या यांत्रिक प्रतिकृतीभोवती जमलेल्या लहानथोरांच्या चेहऱ्यांवर दिव्याचा उजेड पडला आहे, असे त्याचे प्रसिद्ध चित्र येथेच आहे. १७६६च्या सुमारास राइट हे चित्र रंगवत होता, तेव्हा शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर केडलस्टनचे काम चालू होते. शहरातील लोक विज्ञानाच्या प्रयोगांनी भारावलेले, डरवेंट नदीच्या काठी रेशमाची यांत्रिक गिरणी १७२१ पासून चालू, आणि त्याच वेळी शेजारचा जमीनदार प्राचीन रोमच्या स्वप्नात रमलेला : त्या एका दशकाची ही दोन रूपे लागोपाठच्या दिवशी पाहायला मिळाली, याचे समाधान वाटले. केडलस्टनला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी या संग्रहालयासाठी दोन तास अवश्य काढावेत.

मुक्काम एका छोट्या अतिथीगृहात होता. त्याच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी डर्बीशायरचे ओटकेक वाढले. ओटच्या पिठाचे आंबवलेले पीठ तव्यावर पसरून केलेला, आपल्या धिरड्यासारखा हा मऊ पदार्थ त्यांनी चीज आणि परतलेल्या अळिंबीबरोबर दिला. आम्ही केडलस्टनला निघालो आहोत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “लहानपणी आमची शाळेची सहल तिथे जायची. बाई आम्हाला गोल खोलीत उभे करून वर बघायला सांगायच्या. तुम्हीही तेवढे कराच.”

शनिवार : घर

डर्बीहून केडलस्टनकडे जाणाऱ्या बस विरळ असल्याने आम्ही टॅक्सी केली. उद्यानाच्या फाटकातून आत शिरल्यावर घर लगेच दिसत नाही. उंचसखल गवताळ जमीन, मेंढ्या, जुने ओक वृक्ष आणि मग तीन कमानींचा दगडी पूल लागतो. त्या पुलावरून गाडी वळली की समोरच्या चढावर संपूर्ण उत्तर दर्शनी बाजू एकदम नजरेत भरते. मधोमध सहा उंच कॉरिंथियन स्तंभांचा मंडप, दोन्ही बाजूंना वक्राकार दालने आणि त्यांच्या टोकांना दोन स्वतंत्र वास्तू. पुलापाशी होणारे हे दर्शन आधी नीट विचार करून योजलेले आहे. या घरात पुढे जे जे पाहिले, ते पाहतानाही हाच विचार मनात येत राहिला : पाहणाऱ्याने कोठून यावे, कोठे थांबावे आणि काय पाहून थक्क व्हावे, हे येथे आधीच ठरवून ठेवलेले आहे.

कर्झन घराणे या जागी बाराव्या शतकापासून आहे. सर नॅथॅनियल कर्झन यांना १७५८ साली वारसा मिळाला, तेव्हा येथे विटांचे एक जुने घर होते. ते पाडून १७५९ साली त्यांनी नवे बांधकाम सुरू केले. प्रथम मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि मग जेम्स पेन या वास्तुकारांनी काम पाहिले. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पॅलाडिओ याच्या एका आराखड्यावरून मध्यवर्ती इमारत आणि तिला वक्र दालनांनी जोडलेल्या चार वास्तू अशी योजना ठरली. इटलीतील दीर्घ अभ्यास संपवून १७५८ साली परतलेल्या रॉबर्ट ॲडम या तरुण स्कॉटिश वास्तुकाराला आधी फक्त उद्यानातील लहान वास्तूंचे काम दिले होते. त्याची रेखाचित्रे सर नॅथॅनियल यांना इतकी आवडली की १७६० साली संपूर्ण घरच त्याच्याकडे सोपवले गेले. तेव्हा ॲडमचे वय जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. पेनने आखलेली उत्तर बाजू त्याने थोड्याफार बदलांनिशी पूर्ण केली; दक्षिण बाजू आणि आतील सजावट मात्र त्याची स्वतःची आहे.

बाहेरचा जिना चढून मंडपातून आत गेलो की आपण संगमरवरी सभागृहात येतो. येथे वीस स्तंभ आहेत. सुमारे पंचवीस फूट उंचीचे, पन्हळी कोरलेले, नॉटिंगहॅमशायरच्या अलाबास्टरचे. त्यांचा रंग शब्दांत पकडणे अवघड आहे : फिकट दुधी पार्श्वभूमीवर तांबूस, तपकिरी आणि कोठे कोठे हिरवट झाक असलेल्या शिरा, आणि एका स्तंभासारखा दुसरा नाही. भिंतींतील कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती उभ्या आहेत. भिंतींत खिडक्या नाहीत. सगळा उजेड छतातील झरोक्यांतून येतो. आम्ही शिरलो तेव्हा आभाळ भरलेले होते आणि दालन करडे, काहीसे थंड वाटले. पाच-दहा मिनिटांत ढग सरले आणि वरून ऊन उतरताच त्या वीसही स्तंभांना आतून उजळल्यासारखी कांती आली. दालनातील सगळे लोक बोलता बोलता थांबले. रोमन घराच्या मधल्या उघड्या चौकाची कल्पना ॲडमच्या मनात होती, असे म्हणतात; तो क्षण पाहिल्यावर तिचा अर्थ मला पुस्तकाशिवाय कळला.

तेथे काम करणारे एक वयस्कर स्वयंसेवक आयुष्यभर पाथरवटाचे काम करून निवृत्त झालेले होते. माझे स्तंभांकडे लागलेले लक्ष पाहून ते जवळ आले. अलाबास्टर हा जिप्समचा प्रकार असल्यामुळे मऊ असतो, छिन्नी सहज चालते, पण पाण्याने झिजतो आणि म्हणून तो घराच्या आतच वापरता येतो, असे त्यांनी समजावून सांगितले. “बाहेर ऊन-पावसात लावला असता तर नातवंडांच्या काळापर्यंत टिकला नसता,” असे म्हणून त्यांनी छताकडे बोट दाखवले. जॉर्ज रिचर्डसनने आखलेले आणि जोसेफ रोज या कारागिराने गिलाव्यात घडवलेले ते छत १७७०च्या दशकात पूर्ण झाले. हातात कोरलेला दगड घेऊन आयुष्य काढलेला माणूस दुसऱ्याच्या गिलाव्याच्या कामाबद्दल इतक्या आदराने बोलतो, हे ऐकायला फार बरे वाटले.

या सभागृहाच्या सरळ रेषेत पुढे सलून नावाचे गोल दालन आहे. मालकीणबाईंनी सांगितलेली गोल खोली हीच. व्यास ४२ फूट, उंची ६२ फूट, आणि वर रोमच्या पँथिऑनची आठवण देणारा, चौकटीचौकटींचा घुमट. त्याच्या मध्यभागी गोल झरोका. चौकोनी, स्तंभांनी भरलेल्या दालनातून या मोकळ्या वर्तुळात पाऊल टाकले की उंचीची जाणीव एकदम बदलते. उंच आणि ठेंगणे, सरळ आणि वक्र, भरलेले आणि रिकामे यांची अशी मुद्दाम केलेली आलटापालट हे ॲडमच्या कामाचे मर्म आहे. भिंतीतील अर्धगोल कोनाड्यांत रोमन वेदींसारखे दिसणारे चौथरे आहेत. जवळ जाऊन पाहिल्यावर ते लोखंडी शेगडीचे आवरण असल्याचे लक्षात येते. थंडीच्या देशात उष्णतेची सोय हवीच. ती करताना दालनाचे रूप बिघडू दिलेले नाही.

मुख्य मजल्याची रचना लक्षात घेऊन हिंडले तर घर लवकर उलगडते. सभागृहाच्या एका बाजूला संगीतकक्ष, दिवाणखाना आणि ग्रंथालय, म्हणजे संगीत, चित्रकला आणि वाङ्मय. दुसऱ्या बाजूला भोजनकक्ष आणि मानाच्या पाहुण्यांची शयनदालने, म्हणजे आतिथ्य. दिवाणखान्यात निळ्या रेशमी कापडाच्या भिंती आणि जॉन लिनेलने घडवलेले सोनेरी कोच आहेत. त्या कोचांचे हात आणि पाय मत्स्यकन्यांच्या व समुद्रदेवतांच्या आकृतींचे आहेत. मानाच्या पलंगाचे चारही खांब मुळांपासून झावळ्यांपर्यंत पामच्या झाडासारखे कोरलेले आहेत आणि हे काम डर्बीच्याच जेम्स ग्रॅव्हनर या कारागिराचे आहे. भोजनकक्षातील अर्धगोल कोनाडा केवळ चांदीची भांडी मांडून ठेवण्यासाठी आखलेला आहे. स्वयंपाकघर मात्र पश्चिमेच्या स्वतंत्र वास्तूत आहे. तेथून वक्र दालन ओलांडून पदार्थ येथवर आणताना नोकरांची किती धावपळ होत असेल, हे ते अंतर चालून पाहिल्यावरच कळते.

मग कुटुंब राहत कोठे होते? पूर्वेकडच्या वास्तूत. मधली भव्य इमारत रोजच्या राहण्यासाठी नव्हतीच. ती पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुणे म्हणजे केवळ आमंत्रित नव्हेत. सभ्य पोशाखातील प्रवाशांना घर दाखवण्याची प्रथा येथे सुरुवातीपासून होती. चित्रांची आणि मूर्तींची छापील सूचीही होती. मिसेस गार्नेट या कारभारीणबाई कित्येक वर्षे हे काम करीत होत्या. ती सूची हातात घेतलेले त्यांचे चित्र आजही घरात लावलेले आहे. ज्यांची चित्रे अशा घरांत सहसा लागत नाहीत, त्यांपैकी एकीचे चित्र येथे सन्मानाने आहे, हे मला फार आवडले. त्यांनी ज्यांना घर दाखवले, त्यांत १७७७ साली आलेले प्रसिद्ध कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सनही होते. हे घर राहण्यापेक्षा नगरसभागृहाला शोभेल, असे त्यांचे मत पडले. ते टीका म्हणून म्हटले गेले असले, तरी मला ते अचूक निरीक्षण वाटते. ते कसे, हे पुढे कोलकात्याच्या संदर्भात येईल.

दुपारच्या जेवणानंतर तळमजल्यावरचे पौर्वात्य संग्रहालय पाहिले. कर्झन यांनी आशियातील प्रवासांत आणि १८९९ ते १९०५ या व्हाइसरॉयपदाच्या काळात जमवलेल्या वस्तू त्यांच्या मृत्यूनंतर येथे मांडल्या गेल्या. हस्तिदंत, चांदी, शस्त्रे, कापड, मानपत्रांच्या पेट्या. यांतील काही वस्तू विकत घेतलेल्या, काही भेट आलेल्या. परंतु राज्यकर्त्याला दिलेली भेट किती स्वेच्छेची असते, हा प्रश्न प्रत्येक काचेपाशी मनात येतो आणि तो यावाच. सर्वांत मोठी गर्दी असते ती कर्झन यांच्या पत्नी मेरी यांच्या, मोरपिसांच्या नक्षीच्या पोशाखापाशी. १९०३च्या दिल्ली दरबारासाठी हा पोशाख तयार झाला. धातूच्या तारांचे जरदोजी काम दिल्लीच्या कारागिरांनी केले आणि ते कापड पॅरिसच्या वर्थ या पेढीने शिवले. प्रत्येक मोरडोळ्यात हिरवे चमकणारे जे आहे ते रत्न नसून भुंग्याच्या पंखांचे कवच आहे. ताईने वाकून तो टाका बराच वेळ पाहिला. ती स्वतः भरतकाम करते, म्हणून तिला विचारले, तर ती म्हणाली, “उलट्या बाजूने पाहायला मिळाला असता तर कारागिराचा हात कळला असता.” शिवणाऱ्या पेढीचे नाव इतिहासात राहिले, ज्यांच्या बोटांनी ते मोर उमटवले, त्यांची नावे त्या काचेत नाहीत. या दरबाराच्या तीनच वर्षे आधी, १८९९–१९००च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील खेडी उजाड झाली होती, हेही तेथे उभे राहून विसरता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना येथेच देतो. केडलस्टन हॉल १९८७ पासून ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. उद्यान बहुतेक काळ उघडे असते, पण घर ठरावीक हंगामात आणि ठरावीक दिवशीच पाहता येते, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. मुख्य मजला उंचावर आहे. ज्यांना जिना चढणे कठीण आहे, त्यांनी आधी विचारून घ्यावे. छतांचे काम पाहण्यासाठी छोटी दुर्बीण फार उपयोगी पडते. आणि शक्य असेल तर संगमरवरी सभागृहात दोन वेगवेगळ्या वेळी जावे, कारण उजेड बदलला की ते दालन बदलते.

रविवार : चर्च, उद्यान आणि न बांधलेला भाग

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. घराला अगदी लागून ऑल सेंट्स हे मध्ययुगीन चर्च आहे. एवढ्या नव्या, रेखीव प्रासादाच्या कुशीत हे जुने, ओबडधोबड चर्च का, याचे उत्तर विषण्ण करणारे आहे. येथे पूर्वी केडलस्टन गाव होते. नव्या घरासमोर मोकळे उद्यान हवे म्हणून गाव उठवून दूर वसवले गेले, रहदारीचा रस्ताही हलवला गेला, आणि हलवता येत नव्हते एवढे चर्च राहिले. काल पुलावरून दिसलेल्या त्या निर्मळ हिरवळीखाली माणसांची घरे होती, हे कळल्यानंतर ते दृश्य मला पहिल्यासारखे पाहता आले नाही. सौंदर्य कमी झाले असे म्हणणार नाही, पण त्याची किंमत कोणी दिली, ते समजले.

चर्चमध्ये कर्झन घराण्याच्या अनेक पिढ्यांची स्मारके आहेत. मेरी कर्झन १९०६ साली वारल्या, तेव्हा पतीने त्यांच्यासाठी येथे स्वतंत्र स्मृतिदालन बांधवून घेतले. जी. एफ. बॉडली यांनी त्याचा आराखडा केला आणि बर्ट्राम मॅकेनल यांनी पती-पत्नींच्या शेजारी शेजारी पहुडलेल्या संगमरवरी प्रतिमा घडवल्या. जमिनीवर रशियातून आणलेला हिरवा पारभासक दगड आहे. १९२५ साली कर्झन यांनाही याच चर्चमध्ये पुरले. मराठी माणसाला येथे उभे राहताना दोन परस्परविरोधी गोष्टी आठवतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ सालच्या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी कर्झनला ओळखले होते आणि सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. याच कर्झनने १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि पुरातत्त्व खात्याला नवे बळ दिले. वंगभंगाचा निर्णय घेणारा आणि स्मारके जपणारा माणूस एकच होता. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही, असे माझे मत आहे.

तेथून तळ्याकाठची पायवाट धरली. ओढ्याला बांध घालून तळी केलेली आहेत, आणि वरच्या तळ्याकाठी ॲडमने १७७०च्या सुमारास बांधलेली मासेमारीची छोटी वास्तू आहे. वरच्या खोलीच्या खिडकीतून सावलीत बसून गळ टाकता यावा, खाली नावा ठेवता याव्यात आणि मध्ये थंड पाण्याचा स्नानकुंड असावा, अशी ही तिहेरी सोय आहे. मोठ्या घरापेक्षा मला हीच वास्तू अधिक प्रिय झाली. येथे ॲडमला कोणाला दिपवायचे नव्हते. पाणी, सावली आणि बसण्याची जागा एवढ्याच गोष्टी त्याने नेमक्या प्रमाणात जमवल्या आहेत. पावसानंतर वाट निसरडी असते, म्हणून चांगले बूट घालावेत.

फिरून आम्ही घराच्या दक्षिण बाजूला आलो. ही ॲडमची सर्वांत धाडसी रचना. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतलेले चार सुटे स्तंभ, त्यांवर पुतळे, मागे बसका घुमट आणि दोन बाजूंनी वळत उतरणारा जिना. वर लॅटिनमध्ये कोरले आहे की लॉर्ड स्कार्सडेल (म्हणजे सर नॅथॅनियल यांचाच पुढचा किताब) यांनी हे १७६५ साली मित्रांसाठी आणि स्वतःसाठी बांधले. मित्रांचे नाव स्वतःच्या आधी आहे, आणि काल सगळे घर हिंडल्यावर तो क्रम अगदी खरा वाटला. या बाजूला आणखी दोन वास्तू व्हायच्या होत्या. खर्च वाढत गेला आणि त्या कधीच झाल्या नाहीत. दाजींनी गवतावर चालत त्यांच्या जागा अंदाजाने दाखवल्या.

त्या दोन वास्तू झाल्या, पण कोलकात्यात. केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या सॅम्युअल वायट यांचा पुतण्या चार्ल्स वायट बंगालमध्ये कंपनीच्या लष्करात अभियंता होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांच्यासाठी त्याने १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नमेंट हाउस बांधले ते केडलस्टनच्या आराखड्यावरून, आणि तेथे चारही वास्तू पूर्ण झाल्या. बंगालमध्ये दगड नाही, म्हणून विटा आणि चुन्याचा गिलावा. आणि चारही बाजूंना फाकलेल्या त्या रचनेमुळे कोठूनही आलेला वारा आत खेळू लागला. इंग्लंडमध्ये खर्चाने थांबलेली योजना उष्ण हवेत अधिक उपयुक्त ठरली. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की मराठी वाचकाला आणखी काही दिसते. दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झाला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. कोलकात्याच्या त्या नव्या वास्तूत मोठा समारंभ झाला तो जानेवारी १८०३ मध्ये. आणि वेलस्लींचे धाकटे बंधू आर्थर यांनी जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो २३ सप्टेंबर १८०३ रोजी. डॉ. जॉन्सन यांना जे घर सार्वजनिक सभागृहाच्या लायकीचे वाटले, ते सत्तेच्या प्रदर्शनासाठी तंतोतंत योग्य निघाले, कारण समोर आलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने प्रभावित करणे हेच त्या आराखड्याचे मूळ काम होते. आणि १८९९ साली व्हाइसरॉय म्हणून कोलकात्याला उतरलेला कर्झन आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहायला गेला.

केडलस्टन पाहून ज्यांची उत्सुकता वाढेल, त्यांनी लंडनमधील सर जॉन सोन संग्रहालयात जावे. ॲडमच्या कचेरीतील हजारो रेखाचित्रे सोन यांनी १८३३ साली विकत घेतली आणि ती तेथेच आहेत. मूळ कागद पाहायचे असतील तर संग्रहालयाशी आधी संपर्क साधून वेळ ठरवून घ्यावी.